फॉरमॅट मारला, तरी आठव्या दिवशी परत : एका सेवा केंद्रातल्या मशीनचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा. निकाल लागून गेलेले, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर यांसाठी तहसील कचेरीसमोर सकाळी आठपासून रांग. त्याच रस्त्यावरच्या एका गाळ्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, तुम्ही मागच्या आठवड्यात फॉरमॅट मारून दिलेली मशीन परत तसंच करायला लागलीये. आत्ता तर कोपऱ्यात घाणेरडे फोटो येतायत. समोर पोरीला घेऊन तिचे वडील बसलेत. मी मॉनिटरवर ओढणी टाकलीये."

माझं तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या धंद्यात फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं, हा शेवटचा उपाय नसतो, तो पहिलाच असतो. पाचशे रुपये, दोन-अडीच तास, गिऱ्हाईक खूश. मशीन का बिघडली याचा विचार करायला कुणी पैसे देत नाही, म्हणून आम्हीही करत नाही. त्यामुळे फॉरमॅट मारूनही आठव्या दिवशी तोच आजार परत येतो, हे मला जरा लागलंच. या खेपेला मी ठरवलं, फॉरमॅट मारायचा नाही. काय आहे, कुठून आलं आणि परत कसं आलं, हे शोधायचं. त्याला तीन दिवस लागले.

मशीन अशी : विंडोज १०, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी सी ड्राइव्हला, आणि जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच ठेवलेली. ब्राउझर क्रोम. सोबत प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र. अशा सेवा केंद्रावर साधारण असतं तेच.

ताई ज्याला पॉप-अप म्हणत होत्या

फोनवर मी आधी फोटो मागवला. गिऱ्हाईकाच्या वर्णनावर कधी जाऊ नये. "व्हायरस आलाय" या दोन शब्दांत हॅंग झालेल्या माउसपासून जळालेल्या एसएमपीएसपर्यंत (संगणकाला वीज पुरवणारा डबा) काहीही असू शकतं. फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, एक चौकोन होता. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर, एका नामांकित अँटीव्हायरसचं हुबेहूब चिन्ह आणि खाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव व एका भलत्याच संकेतस्थळाचा पत्ता. त्या बारीक अक्षरांनीच उत्तर दिलं. हा पॉप-अप नव्हता. ही नोटिफिकेशन होती.

फरक नुसता नावाचा नाही. पॉप-अप म्हणजे एखादं पान उघडल्यावर त्या पानाने उघडलेली दुसरी खिडकी. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी तिचा कोड लिहिला, आणि २०१४ साली एका लेखात त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. माफीची तशी गरज उरली नव्हती, कारण ब्राउझरवाल्यांनी तोवर त्या दाराला कुलूप घातलं होतं. इंटरनेट एक्सप्लोररलासुद्धा २००४ साली एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर पॉप-अप ब्लॉकर आला.

मग जाहिरातवाल्यांना दुसरं दार मिळालं. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमच्या ४२ व्या आवृत्तीने संकेतस्थळांना सोय दिली : एकदा परवानगी मिळाली की त्या साइटचा टॅब बंद असला तरी तिने निरोप पाठवावा, ब्राउझरने तो कोपऱ्यात दाखवावा. सोय मेल, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर यांसाठी होती. पण यात मेख अशी, की परवानगी तुम्हीच दिलेली असते. म्हणून पॉप-अप ब्लॉकर तिला अडवत नाही. आणि संगणकावर कुठलीही वाईट फाइल उतरलेली नसते, म्हणून अँटीव्हायरसला सापडायलाही काही नसतं. माणूस स्कॅन मारत बसतो, स्कॅन 'क्लीन' म्हणतो, आणि कोपऱ्यात फोटो येतच राहतात.

ताईंना फोनवरच सांगितलं : क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे खाली 'अलाउड' यादी असते. त्यांच्या यादीत सतरा पत्ते होते, त्यातला ओळखीचा एकच, मेलचा. बाकी सोळांच्या पुढचे ठिपके दाबून एकेक काढायला लावला. वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडायला लावला. दहा मिनिटांत कोपरा गप्प झाला, ओढणी निघाली, पोरीचा दाखला भरला गेला.

सतरा पत्त्यांना परवानगी दिली कुणी? ताईंनीच, आणि त्यांना त्याबद्दल दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्या पानांची क्लृप्ती ठरलेली असते : काळ्या पडद्यावर गोल फिरणारं चक्र आणि 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा'. शहरातल्या पोराला हे हास्यास्पद वाटेल. पण सेवा केंद्रावर बसणाऱ्या माणसाच्या हाताला वळणच वेगळं लागलेलं असतं. कित्येक सरकारी पोर्टलांवर पावती किंवा उतारा नव्या खिडकीत उघडतो, क्रोम तो अडवतो, मदत क्रमांकावर फोन केला की पलीकडून सांगतात, "मॅडम, पॉप-अप अलाउ करा." सर्टिफिकेटची सूचना आली की पुढे जा, कॅमेरा विचारला की अलाउ, लोकेशन विचारलं की अलाउ. दिवसात चाळीस वेळा प्रामाणिक कामासाठी 'अलाउ' दाबणारा माणूस एक्केचाळिसाव्या वेळी थबकेल, ही अपेक्षा करणारा कधी जूनमध्ये त्या खुर्चीत बसलेला नसतो.

संध्याकाळचा भोंगा

मला वाटलं, झालं. संध्याकाळी सहाला परत फोन, आणि पाठीमागे रुग्णवाहिकेसारखा आवाज. पूर्ण पडदा निळा, 'संगणक लॉक केला आहे, बंद करू नका', खाली एक फोन नंबर. माउस दिसत नाही. रांगेतले एक काका आग्रह करत होते की नंबरवर फोन करा, कंपनीचाच आहे. ताईंनी नंबर सोडून मला फोन लावला, हे त्यांचं शहाणपण.

असलं पान म्हणजे नुसता देखावा. ब्राउझर फुल स्क्रीनवर गेलेला असतो, बाकी काही लॉक झालेलं नसतं. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरली की बहुतेकदा पडदा लहान होतो. नाही झाला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि क्रोम बंद करायचा. पुढे क्रोम उघडताना तो विचारतो, मागची पानं परत उघडू का. तिथे 'हो' म्हटलं की भोंगा पुन्हा सुरू. ही चूक मी स्वतः पूर्वी केलेली आहे. नंबरवर फोन केला असता तर पलीकडच्या 'इंजिनिअर'ने मशीन दुरून चालवायचं ॲप टाकायला लावलं असतं आणि तिथून पुढे बॅंकेचं पान उघडायला. हा धंदा आपल्याच देशातल्या कॉल सेंटरांमधून परदेशी म्हाताऱ्यांवर बराच काळ चालत आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली प्रकरणंही होती. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचं. तासाभरात कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता बरीच असते.

भोंगा बंद झाला, पण माझ्या डोक्यातला सुरू झाला. नोटिफिकेशन तर सगळ्या काढल्या होत्या. मग ताईंनी काही न दाबता ते पान उघडलं कुणी?

मशीनसमोर

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी साडेसातला गेलो. ताईंच्या भाच्याने रात्री यूट्यूब बघून 'क्रोममधलं व्हायरस शोधायचं बटण' खूप शोधलं होतं, सापडलं नव्हतं. सापडणारही नव्हतं. क्रोममध्ये तसं साफसफाईचं साधन खरोखर होतं, पण मार्च २०२३ मध्ये १११ व्या आवृत्तीबरोबर गूगलने ते काढून टाकलं. व्हिडिओ मात्र अजून फिरतायत.

मी आधी एक्स्टेन्शनची, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी उघडली. चार होती. दोन साधी. तिसरं पीडीएफ जोडण्याचं, ताईंनी स्वतः दोनेक वर्षांपूर्वी घेतलेलं. चौथ्याचं नाव 'शोध सहायक' अशा थाटाचं, आणि त्याला 'रिमूव्ह'चं बटणच नव्हतं. चालू-बंदची कळ करड्या रंगाची, दाबली तरी हलत नाही. खाली लिहिलेलं : हे तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे.

तीन ठिपक्यांच्या मेनूच्या तळाशी पाहिलं. 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'.

ही ओळ घरगुती किंवा दुकानाच्या संगणकावर दिसली की पुढचं सगळं सोडून तिच्यामागे लागावं, असं माझं मत आहे. क्रोममध्ये कंपन्यांसाठी एक व्यवस्था आहे : हजार संगणकांवर एकच एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचं आणि कर्मचाऱ्याला ते काढता येऊ द्यायचं नाही. त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज ठेवतं त्या वहीत, ठरलेल्या जागी चार ओळी लिहिल्या की पुरतं. बॅंका, आयटी कंपन्या हे रोज करतात. आणि तीच जागा मालवेअरवाल्यालाही, म्हणजे घातक सॉफ्टवेअर घुसवणाऱ्यालाही, उघडी असते, फक्त एकदा ॲडमिनचे, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायचे, अधिकार मिळाले पाहिजेत. क्रोमला कोण कंपनी, कोण चोर, हे कळायचा मार्ग नाही. लिहिलंय ना, मग ऐकायचं.

पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', कोलन, दोन तिरप्या रेघा आणि 'पॉलिसी' असं लिहिलं की लागू असलेले सगळे हुकूम दिसतात. तिथे एकच होता, सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनांची यादी, आणि त्यात एक ३२ अक्षरांची ओळख. या ओळखीत फक्त ए ते पी एवढीच अक्षरं येतात, त्यामुळे ती बघताक्षणी ओळखू येते. रजिस्ट्री उघडली : एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. त्याखालची ती नोंद उडवली. क्रोम बंद करून उघडला, चौथ्या एक्स्टेन्शनला 'रिमूव्ह' आलं, काढलं. चहा आला. चहा संपेपर्यंत रांग लागली, ताई कामाला बसल्या.

पावणेनऊला ताई म्हणाल्या, "दादा, ते परत आलंय."

काढणारा मी, घालणारा कोण?

इथे बहुतेक जण, आणि आठ दिवसांपूर्वीचा मीसुद्धा, चिडून फॉरमॅट मारतात. पण काढलेली वस्तू तासाभरात परत येते म्हणजे मशीनमध्ये कुणीतरी राखणदार बसवलेला आहे. त्याला आधी हुडकलं नाही तर पन्नास वेळा काढा.

मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स नावाचं मोफत साधन आहे, मूळ सिसइंटर्नल्सचं. ती कंपनीच मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतली. विंडोज सुरू होताना किंवा वेळापत्रकाने आपोआप चालणारं जे काही आहे ते सगळं ते एका यादीत मांडतं. यादी भली मोठी येते, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी टिचकवायचा. मग उरलं त्यात टास्क शेड्यूलरचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतलं, एक काम दिसलं. नाव एखाद्या ब्राउझरच्या अपडेटचं वाटावं असं. पण ब्राउझरचं अपडेट पॉवरशेलची (विंडोजला लेखी हुकूम द्यायच्या साधनाची) खिडकी लपवून, युजरच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या अर्थहीन नावाच्या उपफोल्डरातली स्क्रिप्ट कशाला चालवेल? वेळ : लॉगिन झाल्यावर, आणि मग दर तासाला. अधिकार : सर्वोच्च. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडली. रजिस्ट्रीतली ती नोंद आहे का बघ, नसली तर लिही, एवढंच तिचं मुख्य काम.

मग डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, काय करत होता? विंडोज सिक्युरिटी उघडून 'एक्सक्लूजन्स' पाहिलं. तिथे एकच ओळ होती : सी ड्राइव्ह. अख्खा. म्हणजे डिफेंडरला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की सी ड्राइव्हवर नजर टाकायची नाही. तो बिचारा आज्ञाधारकपणे टाकत नव्हता आणि रोज हिरवी खूण दाखवत होता. ही यादी मी आधी कधी उघडून बघत नव्हतो. आता दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनवर पहिल्यांदा तीच बघतो.

दुपारी दोन ते चार सर्व्हर डाउन होता, त्यामुळे मशीन मला मोकळी मिळाली. (सर्व्हर डाउनचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.) या वेळी क्रम नीट ठेवला. आधी नेटची वायर काढली. क्रोम पूर्ण बंद. शेड्यूलरमधलं काम थांबवून उडवलं. स्क्रिप्टचा फोल्डर उडवायच्या आधी पेनड्राइव्हवर झिप करून घेतला, पुढे तपासायला. मग रजिस्ट्रीतली नोंद, एचकेएलएममधली (सगळ्या मशीनची शाखा) आणि एचकेसीयूमधलीही (चालू युजरची शाखा). तीच पॉलिसी चालू युजरच्या शाखेतसुद्धा लिहिता येते आणि लोक ती विसरतात. डिफेंडरची सवलत रद्द. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर 'टार्गेट'मध्ये क्रोमच्या फाइलच्या पुढे एक वेब पत्ता चिकटवलेला. क्रोम उघडताच भलतंच शोधपान का येतं याचं ते कारण. तो पुसला. सगळ्यात शेवटी क्रोम उघडून एक्स्टेन्शन काढलं आणि सेटिंग्ज रीसेट केल्या. हे रीसेट बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं, शोधयंत्र आणि मुखपृष्ठ मूळ जागी आणतं, एक्स्टेन्शन्स बंद करतं. पॉलिसी आणि शेड्यूलरला मात्र हात लावत नाही, म्हणून ते पहिल्यांदा करून उपयोग नसतो.

मग नेट जोडून मालवेअरबाइट्सचा ॲडक्लीनर, असली घाण शोधून काढणारं साधन, चालवला, त्याने दोन-चार उरलेल्या फाइली वेचल्या. शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन, जे विंडोज उठण्याआधीच चालतं आणि त्यामुळे कुणाला लपायला वाव देत नाही. मशीन शांत. संध्याकाळपर्यंत काही परत आलं नाही. माझी अर्धी शंका मात्र तशीच होती : आठ दिवसांपूर्वी मी सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकलं होतं. हे सगळं त्यावर आलं कधी?

तारीख आणि वेळ

घरी जेवण झाल्यावर त्या झिपबद्दल आठवलं. फोल्डर उडवण्याआधी मी त्याच्या प्रॉपर्टीजचा मोबाइलवर फोटो काढला होता. 'क्रिएटेड' समोर तारीख होती फॉरमॅटच्या दिवसाची. वेळ दुपारी ४ वाजून ४१ मिनिटं.

त्या दिवशी मशीन ताईंकडे पोचली रात्री आठला. चार एक्केचाळीसला ती माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर होती.

मी काय केलं होतं ते मला लख्ख आठवत होतं, कारण दर फॉरमॅटला तेच करतो. विंडोज टाकलं, क्रोम टाकला, मग डी ड्राइव्हवरचा 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर उघडला. असा फोल्डर महाराष्ट्रातल्या प्रत्येक संगणकाच्या डी ड्राइव्हवर असतो असं मी पैजेवर सांगतो : प्रिंटर, स्कॅनर, मराठी फॉन्ट, झिप उघडायचं काहीतरी. त्यातून ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र विंडोजला ओळखू यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, उचलला, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', येस. यंत्राचा दिवा लागला. चालतंय म्हणून मी पुढच्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती फाइल तपासली. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'चा, म्हणजे फाइल कुणी बनवली हे सांगणाऱ्या सहीचा, टॅबच नव्हता. यंत्राच्या उत्पादकाची खरी फाइल सही केलेली असते, ती उतरवून शेजारी ठेवून पाहिली. व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर, टाकली तेव्हा डझनाहून जास्त इंजिनांनी लाल दाखवलं. (तिथे गिऱ्हाईकाची कागदपत्रं मात्र कधी टाकू नयेत, टाकलेली फाइल तिथल्या इतर सदस्यांना उतरवून घेता येते.) आत खरा ड्रायव्हर होता, आणि त्याच्या पाठीवर बसून आलेलं हे सगळं. ड्रायव्हर काम करत होता म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता.

ताईंना विचारलं, हा कुठून आला. डिसेंबरमध्ये यंत्र बंद पडलं होतं, तेव्हा त्यांनी गूगलवर नाव टाकून सगळ्यात वरचा दुवा उघडला होता. सगळ्यात वरचा दुवा म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात. पान हुबेहूब उत्पादकाच्या पानासारखं, आणि त्यावर सूचना : 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा.' कुठल्याही ड्रायव्हरला ही गरज नसते.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. मी माझा कामाचा पेनड्राइव्ह लावला. त्यात तोच सेटअप होता, तेच नाव, तोच आकार. ताईंच्या डी ड्राइव्हवरचा ड्रायव्हर 'चालतो' म्हणून एप्रिलमध्ये प्रिंटरच्या कामासाठी गेलो असताना मीच कॉपी करून घेतला होता. त्यानंतर तो दोन केंद्रांवर टाकल्याचं माझ्या वहीत लिहिलेलं सापडलं. दोघांना फोन केले. काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला मला अर्धा तास लागला. एका ठिकाणी क्रोमच्या मेनूखाली तीच ओळ होती, तिथले दादा म्हणाले, "ती तर कधीपासून आहे, आम्हाला वाटलं सरकारी कामाची असेल." दुसऱ्याने मशीनच बदलली होती. पहिल्याची मशीन मी रविवारी जाऊन साफ केली, अर्थात फुकट.

दुसरा रस्ता

तिसऱ्या दिवशी ताईंनी एक बारीक तक्रार केली. बाकी सगळं ठीक, पण गूगलमध्ये काही शोधलं की पहिल्या दोन ओळी जाहिरातीच्या येतात आणि दाबलं की क्षणभर भलताच पत्ता चमकून जातो. हे उरलेलं दुखणं त्या पीडीएफवाल्या एक्स्टेन्शनचं होतं. रीसेटने बंद केलेलं, पण ताईंना रोज लागतं म्हणून त्यांनी परत चालू केलेलं.

चांगलं एक्स्टेन्शन वाईट होऊ शकतं हे लोकांना पटत नाही. पण ते चालवणारा माणूस कंटाळतो, कुणीतरी त्याला पैसे देऊन लाखो वापरकर्त्यांसकट एक्स्टेन्शन विकत घेतं, आणि पुढच्या अपडेटमध्ये आतला माल बदलतो. वापरकर्त्याला काही कळत नाही, कारण अपडेट आपोआप होतं. द ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन असंच २०२० मध्ये दुसऱ्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून बंद करावं लागलं. ताईंचं एक्स्टेन्शन फॉरमॅटनंतर परत कसं आलं, हे तर सोपं होतं : क्रोममध्ये जीमेलने साइन इन केलं की सिंक बुकमार्कांबरोबर एक्स्टेन्शन्सही आणून ठेवतं. मी मशीन पुसली होती, खातं कुठे पुसलं होतं? साइन इन असतानाच ते काढलं, म्हणजे खात्यातूनही गेलं. पीडीएफ जोडायला संगणकावरच चालणारं मोफत सॉफ्टवेअर दिलं. लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे कागद कुठल्या तरी अनोळखी एक्स्टेन्शनमधून जाणं मला तसंही बरं वाटत नव्हतं.

पासवर्डांबद्दल ताईंशी थोडा वाद झाला. काही चोरीला गेल्याचा पुरावा मला सापडला नव्हता. पण सहा महिने सर्वोच्च अधिकाराने परकी स्क्रिप्ट चालत होती, आणि विंडोजवर क्रोमने साठवलेले पासवर्ड त्याच युजरखाली चालणाऱ्या प्रोग्रामला उलगडणं अवघड नसतं. क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीने २०२४ मध्ये त्याला जास्तीचं कुलूप घातलं, पण ॲडमिन झालेल्या चोरापुढे त्या कुलुपाच्या भरवशावर राहू नये. म्हणून गेले आहेत असंच धरायचं. ताई म्हणाल्या, जूनमध्ये पासवर्ड बदलले आणि कुठे खातं अडकलं तर? शेवटी रात्री त्यांच्या मोबाइलवरून, म्हणजे या मशीनवरून नाही, आधी जीमेल, मग बॅंक, मग पोर्टलं असे बदलले. गूगल खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून सगळ्यांना बाहेर काढलं. पासवर्ड बदलला तरी चोरलेलं चालू सत्र कधी कधी तसंच राहतं, म्हणून हेही करावं लागतं. यादीत ओळखू न येणारं एकही उपकरण नव्हतं, तेव्हा दोघांनीही श्वास सोडला.

आता ती मशीन

रोजच्या कामासाठी ताईंना साधं युजर खातं करून दिलं. काहीही नवं बसवायचं तर वेगळ्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे नाही, ताईंच्या घरच्या डायरीत आहे. म्हणजे घाईत बसवणं होत नाही. डी ड्राइव्हवरचा 'सॉफ्टवेअर' फोल्डर उडवला. माझ्या पेनड्राइव्हवरचाही. आता प्रत्येक ड्रायव्हर उत्पादकाच्या पत्त्यावरून, पत्ता यंत्राच्या खोक्यावरून वाचून, दर वेळी नवा उतरवतो. वेळ जातो, आणि फॉरमॅटचे पाचशेच घेतो.

पॉप-अप सरसकट चालू ठेवायची सवय मोडली. साइट सेटिंग्जमध्ये 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स'च्या खाली फक्त लागणाऱ्या तीन पोर्टलांचे पत्ते घातले, बाकी सगळे बंद. इतर भटकंतीसाठी फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन दिलं. क्रोममध्ये आता त्याची फक्त हलकी आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण.

आणि एक गोष्ट मी गंमत म्हणून नाही, विचार करून केली. ज्या रजिस्ट्रीच्या जागेतून चोर शिरला होता, तिथेच मी दोन नोंदी लिहिल्या. एक, कुठल्याही साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागायचीच नाही. तिची किंमत २ ठेवली की क्रोम विचारणं बंद करतो. दुसरी, कुठलंही एक्स्टेन्शन बसवायला मनाई. तिथे फक्त एक तारांकित खूण लिहायची. कंपन्यांना जे मिळतं ते एका गाळ्यातल्या मशीनला का मिळू नये? हे करून मी दुकानात परतलो.

तासाभरात ताईंचा फोन. आवाज पडलेला. "दादा, ती ओळ परत आलीये. मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन."

मी म्हटलं, "ताई, या वेळी ती मी लिहिलीये."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "मागच्या वेळीही तुम्हीच लिहिली होती."